वाचकांचे प्रश्न : नवा चित्रकार आणि विकिपीडियाचा उंबरा

उदयोन्मुख कलावंतावर विकिपीडियात लेख कधी लिहावा, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं बहुतेक कोल्हापूर शहरातली आणि जवळपासची आहेत. कलावंतांची नावं गाळली आहेत, आणि एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्र. माझा मित्र २८ वर्षांचा चित्रकार आहे. शाहू स्मारकच्या कलादालनात त्याची दोन प्रदर्शनं झाली, मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत एक. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभागात बक्षीसही आहे. सोबत १८ कात्रणांच्या झेरॉक्स पाठवतोय. एवढ्यावर लेख टिकेल का? (राजारामपुरी)

आज तरी टिकणार नाही. चित्रं चांगली की वाईट, हा इथे मुद्दाच नाही. विकिपीडियाचे संपादक चित्रांकडे बघून निकाल देत नाहीत आणि त्यांनी तो द्यावा अशी अपेक्षाही नाही. ते एवढंच बघतात की, ज्यांचा या मुलाशी काही संबंध नाही अशा लोकांनी त्याच्या कामावर सविस्तर लिहिलंय का, आणि ते नीट संपादन होणाऱ्या ठिकाणी छापून आलंय का.

तुमची कात्रणं आम्ही टेबलावर पसरून गटवार लावली. ११ कात्रणं प्रदर्शनाची पूर्वसूचना किंवा उद्घाटनाची बातमी आहेत. हस्ते कोणाच्या, उपस्थित कोण, आणि शेवटी ‘प्रदर्शन रविवारपर्यंत सकाळी ११ ते रात्री ८ या वेळेत सर्वांसाठी खुले आहे’. तीन कात्रणांत बक्षीसपात्रांच्या लांबलचक यादीत त्याचं नाव आहे. दोन मुलाखती आहेत. एक जाहिरात पुरवणीतलं पान आहे. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं छापलंय, ते झेरॉक्समध्ये अर्धं कापलं गेलंय. (मुद्दाम कापलं नसेल असं धरून चालतो.) उरलं एक.

त्या ११ पैकी तीन कात्रणं शेजारी शेजारी ठेवून वाचा. वर्तमानपत्रं वेगळी, मथळे वेगळे, पण तिन्हींत ‘निसर्गाच्या विविध छटांचा वेध घेणारी ही चित्रे रसिकांना खिळवून ठेवतात’ हे वाक्य जसंच्या तसं आहे, आणि तिन्हींखाली ‘प्रतिनिधी’. म्हणजे ही प्रेसनोट आहे, आणि ती बहुधा मित्रानेच, नाहीतर त्याच्या वतीने कोणीतरी पाठवली आहे. अशी तीन कात्रणं मोजताना एकच धरतात, आणि ते एकही कलावंताच्याच घरचं म्हणून बाजूला पडतं. कात्रणं मोजायला बसलेल्या माणसाची फसगत नेमकी इथे होते.

उरलेलं कात्रण मात्र खणखणीत आहे. रविवारच्या पुरवणीत अर्ध्या पानाचा लेख, लिहिणाऱ्याचं नाव दिलेलं. २०१९ च्या महापुरावरच्या चित्रमालिकेबद्दल त्याने मुद्देसूद लिहिलंय: पाण्याचा रंग निळा न घेता मातकट का घेतला, घरांच्या उभ्या रेषा चित्राच्या खालच्या कडेला का तुटतात, आणि शेवटच्या दोन चित्रांत हा डाव कसा फसलाय. टीका आहे म्हणून हा संदर्भ कमी प्रतीचा ठरत नाही. लिहिणाऱ्याने स्वतः बघून स्वतःचं मत मांडलंय, याचाच तो पुरावा आहे. पारखायची सोपी रीत सांगतो. लाल पेन्सिल घ्या. कलावंताचे अवतरणातले शब्द, प्रेसनोटमधली वाक्यं, तारीख-वेळ-पाहुणे हे सगळं खोडा. उरलेल्या मजकुरातून, पदरचं काही न घालता, लेखात चार-पाच वाक्यं लिहिता आली तर ते कात्रण कामाचं.

असे किती संदर्भ लागतात याचा आकडा नियमात नाही. पण लेख ठेवायचा की काढायचा याची चर्चा सुरू झाली की जाणते संपादक ‘तुमचे सर्वांत चांगले तीन संदर्भ दाखवा’ असं विचारतात. तीस नको, तीन. ते तिन्ही वेगवेगळ्या लेखकांचे आणि वेगवेगळ्या प्रकाशनांतले असावेत, शक्यतो एकाच प्रदर्शनाच्या आठवड्यातले नसावेत. तुमच्याकडे आज एक आहे.

आता जहांगीर. तिथे अर्ज करावा लागतो, निवड होते, बरीच वाट बघावी लागते आणि मग भाडं भरून दालन मिळतं. नव्या चित्रकाराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पण ते दालन त्याने घेतलेलं आहे. एखाद्या संग्रहालयाने किंवा क्युरेटरने त्याचं काम निवडून, त्यावर स्वतः लिहून, स्वतःच्या खर्चाने मांडलं तर ती गोष्ट वेगळी. शाहू स्मारकचं दालनही भाड्यानेच मिळतं, म्हणून तिथल्या प्रदर्शनाचंही तेच. प्रदर्शन झालं एवढ्याने वजन येत नाही, प्रदर्शनावर कोणी लिहिलं तर येतं.

बक्षिसांतही पायऱ्या आहेत. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग आणि व्यावसायिक कलाकारांचा विभाग वेगवेगळे आहेत. विद्यार्थी विभागातलं बक्षीस लेखात एका ओळीत येईल, पण त्याच्या जोरावर लेख उभा राहणार नाही. ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनातला पुरस्कार बराच वजनदार धरतात, पण तिथेही नुसत्या यादीतल्या नावापलीकडे काहीतरी लिहून आलेलं लागतंच.

प्र. इंग्रजी विकिपीडियावर कलावंतांसाठी वेगळे निकष आहेत म्हणे. ते सोपे आहेत का? (ताराबाई पार्क)

वेगळे आहेत, सोपे नाहीत. ढोबळमानाने चार वाटा आहेत. समकालीन किंवा नंतरचे कलावंत आणि अभ्यासक ज्याचा वारंवार आधार घेतात असा माणूस. एखादी नवी शैली किंवा तंत्र सुरू केल्याबद्दल ओळखला जाणारा. ज्याच्या महत्त्वाच्या कामावर अनेक स्वतंत्र समीक्षा किंवा एखादं पुस्तक आहे असा. आणि ज्याचं काम महत्त्वाचं स्मारक ठरलंय, एखाद्या मोठ्या प्रदर्शनाचा भरीव भाग होतं, समीक्षकांनी ज्याची विशेष दखल घेतलीय, किंवा जे अनेक नामांकित संग्रहालयांच्या कायमस्वरूपी संग्रहात आहे असा. यातली एखादी वाट मोकळी दिसली म्हणजे संदर्भ सापडण्याची शक्यता दाट, एवढाच अर्थ. संदर्भ शेवटी द्यावेच लागतात.

नव्या चित्रकाराला पहिल्या दोन वाटा बहुधा बंद असतात. त्याला वर्षानुवर्षांचं काम लागतं. म्हणून सगळे शेवटच्या वाटेवर गर्दी करतात आणि ‘संग्रह’ या मुद्द्यावर अडखळतात. बायोडेटात लिहिलेलं असतं, ‘भारतात व परदेशात खासगी संग्रहात चित्रे’. हे शून्य. हॉटेलच्या लॉबीत, बँकेच्या मुख्यालयात, आमदारांच्या दिवाणखान्यात चित्र आहे, हेही शून्य. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासारख्या संस्थेने चित्र रीतसर संग्रहात घेतलं असेल तर त्याला नोंद क्रमांक असतो. संस्थेच्या संकेतस्थळावर, सूचीत किंवा वार्षिक अहवालात ते दाखवता आलं पाहिजे. नुसतं भेट म्हणून दिलेलं आणि गोदामात पडलेलं चित्र संग्रहात घेतलं असं होत नाही. आणि निकषात ‘अनेक’ म्हटलंय, एकाने भागत नाही.

कोची-मुझिरिस बिएनाले या कोचीत भरणाऱ्या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचं नाव बऱ्याच पत्रांत आहे. तिथे मुख्य प्रदर्शन आणि स्टुडंट्स बिएनाले वेगळे. मुख्य प्रदर्शनात क्युरेटरने निवडलेलं काम असेल तर बाजू भक्कम झाली. त्याच काळात शहरात भाड्याच्या जागेत प्रदर्शन लावलं असेल तर बिएनालेचं नाव घेऊच नका. तपासणारा पाच मिनिटांत शोधतो, आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

प्र. मुलाखत छापून आली तर धरतात का? (कसबा बावडा)

उल्लेखनीयतेसाठी, म्हणजे लेख व्हावा इतकी दखल झालीय हे दाखवण्यासाठी, फारशी नाही, कारण बोलतो तो कलावंतच. जन्मवर्ष, शिक्षण, कोणत्या माध्यमात काम करतो अशा साध्या माहितीसाठी वापरता येते. मुलाखतकाराने सुरुवातीला स्वतःचं निरीक्षण म्हणून दोन-तीन परिच्छेद लिहिले असतील, तर तेवढ्या भागाला वजन आहे.

प्र. इन्स्टाग्रामवर ६० हजार फॉलोअर आहेत. (इचलकरंजी)

धरत नाहीत.

प्र. आमच्या गुरुजींचे गुरू थेट आबालाल रहमान यांच्या परंपरेतले. एवढा वारसा असताना शिष्यावर लेख का होऊ नये? (शिवाजी पेठ)

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. इथल्या जुन्या चित्रकार-शिल्पकारांची आबालाल, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, रवींद्र मेस्त्री अशी नावं घेतली की प्रत्येकाला आपली साखळी कुठेतरी जोडता येते. पण उल्लेखनीयता वारशाने मिळत नाही. गुरूवर दहा पुस्तकं असली तरी त्यातलं एकही शिष्याचं नाही. उलटही खरं: गुरूवर काहीच छापलेलं नसलं, तरी शिष्यावर लेख होऊ शकतो.

या वारशाचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने करता येतो. आपल्याकडच्या जुन्या चित्रकारांवरचे लेख अजून तोकडे आहेत, आणि त्यांच्यासाठी छापील संदर्भ आहेत. ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड आहे, मराठी विश्वकोशातल्या नोंदी आहेत. तिथून सुरुवात केलीत तर नियम हाताला लागतील आणि लेख उडण्याची धास्तीही नाही. फक्त आख्यायिका जपून हाताळा. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, आबालालांनी आपली चित्रं रंकाळ्यात बुडवली, असं सांगतात. लेखात ते ‘असे सांगितले जाते’ म्हणून, कोणी कुठे नोंदवलंय ते देऊन लिहायचं. घडलेली गोष्ट म्हणून ठोकून द्यायचं नाही.

प्र. वडील शिल्पकार आहेत. सात-आठ गावांच्या चौकांत त्यांनी केलेले पुतळे उभे आहेत. कोनशिलेवर मात्र मंत्र्यांची नावं, वडिलांचं कुठेच नाही. त्यांच्यावर मी लेख लिहू शकतो का? (बापट कॅम्प)

यात तीन गोष्टी एकमेकांत अडकल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पुतळा त्यांनीच केला हे सिद्ध करणं ही पहिली. नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा ठराव, कामाचा आदेश, बिलाची नोंद यावर शिल्पकाराचं नाव असतं. माहितीच्या अधिकारात ते मागता येतं. मात्र अशा कागदाने ‘कोणी केला’ एवढंच ठरतं, ‘लेख व्हावा का’ हे ठरत नाही. त्यासाठी त्या पुतळ्यावर, त्याच्या घडणीवर कोणी लिहिलेलं लागतं. अनावरणाच्या बातम्या बघा: दोन कॉलम भाषणं आणि शेवटच्या ओळीत ‘पुतळा अमुक यांनी साकारला आहे’. असे आठ पुतळे म्हणजे अशा आठ ओळी, आणि त्यांची बेरीज सविस्तर दखल होत नाही. गाजलेल्या पुतळ्याची गोष्ट निराळी. त्याचं माती-काम, प्लास्टरचा साचा, ओतकाम यावर पुरवणीत लेख आलेला असू शकतो. तो शोधा.

दुसरी गोष्ट, तुम्ही मुलगा आहात. तुम्हाला बंदी नाही, पण नातं लपवायचं नाही. आपल्या सदस्य पानावर आणि लेखाच्या चर्चा पानावर ते लिहा. लेख थेट टाकण्याऐवजी मसुदा करून दुसऱ्या संपादकाकडून तपासून घ्या. ‘थोर’, ‘ख्यातनाम’, ‘सिद्धहस्त’ ही विशेषणं काढा. ती ठेवलीत तर लेख कोणी लिहिला हे पहिल्या ओळीतच कळतं.

तिसरी गोष्ट फोटोंची. सार्वजनिक जागी कायमचा उभारलेला पुतळा असेल तर त्याचा फोटो काढून प्रसिद्ध करायला भारतीय कॉपीराइट कायद्याची मुभा आहे. तेव्हा चौकातल्या पुतळ्याचे फोटो तुम्ही स्वतः काढा आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियासाठीच्या मुक्त चित्रांच्या साठ्यावर, चढवा. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ही मुभा नाही, तिथे चित्रकाराची परवानगी लागते. वर्तमानपत्रातला फोटो स्कॅन करून टाकू नका; तो छायाचित्रकाराचा किंवा वर्तमानपत्राचा असतो, त्यात वडील दिसत असले तरी.

प्र. चित्रकाराने ‘टाका माझी चित्रं’ असं फोनवर सांगितलंय. चालेल? (जयसिंगपूर)

फोनवरचं चालत नाही. त्याने स्वतः कॉमन्सवर चढवावं किंवा ठरावीक मजकुराची परवानगी ईमेलने पाठवावी. त्याआधी त्याला एक गोष्ट स्वच्छ सांगा: हा मुक्त परवाना आहे, म्हणजे उद्या कोणी ते चित्र कॅलेंडरवर किंवा टी-शर्टवर छापून विकलं तरी, नाव दिलंय आणि परवान्याच्या अटी पाळल्यात तोवर, त्याला अडवता येणार नाही. दिलेला परवाना परतही घेता येत नाही. बरेच चित्रकार हे ऐकून एखादंच जुनं चित्र, तेही लहान आकारात देतात. तेवढं पुरतं.

व्यक्तिचित्रांत आणखी एक मेख आहे. कोणी पैसे देऊन आपलं पोर्ट्रेट करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा असतो, चित्रकाराचा नाही. उलट स्वतःच्या मनाने केलेलं चित्र विकलं, तर कॅनव्हास गेला तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो. निधनानंतर हा हक्क ६० वर्षं टिकतो. आबालाल १९३१ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचे हक्क केव्हाच संपले.

प्र. ‘२५ हजारांत विकिपीडिया पेज, गॅरंटीसह’ असा मेसेज आलाय. (शाहूपुरी)

गॅरंटी कोणी देऊच शकत नाही, कारण पान ठेवायचं की काढायचं हे पैसे घेणाऱ्याच्या हातात नसतं. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने ते जाहीर करावं ही विकिपीडियाच्या वापराची अट आहे, आणि असे लोक नेमकं तेच करत नाहीत. पान चार दिवस दिसतं, पैसे चुकते होतात, मग खातं पकडलं जातं आणि पानही जातं. पुढे तीन-चार वर्षांनी खरोखर चांगले संदर्भ जमले, तरी त्या नावाकडे संशयाने बघतात. याच टोळ्या ‘आर्टिकल पब्लिश करून देतो’ म्हणून संकेतस्थळांवर विकतचे लेख लावतात. भारतीय माध्यमांतला असा पैसे देऊन छापलेला मजकूर तपासणाऱ्यांच्या ओळखीचा झाला आहे.

प्र. इंग्रजीत अवघड असेल तर आधी मराठीत लेख करावा का? (गडहिंग्लज)

प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापले निर्णय घेतो. मराठीवर प्रचालक (पानं काढण्याचे अधिकार असलेले सदस्य) हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे कच्चा लेख काही महिने कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि लोकांना वाटतं की पचला. मग कोणीतरी ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढावं अशी सूचना, लावतं. मराठीत आहे म्हणून इंग्रजीत चालेल, असंही नाही. एक विकिपीडिया दुसऱ्याला संदर्भ म्हणून चालत नाही.

मराठी संदर्भ मात्र इंग्रजीत पूर्ण चालतात, आणि ऑनलाइन नसलेले छापीलही चालतात. हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून चांगलं मराठी कात्रण बाजूला ठेवून एखाद्या फालतू इंग्रजी संकेतस्थळाची लिंक देतात. छापील संदर्भ देताना वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, लेखकाचं नाव आणि मथळा एवढं हवंच. आवृत्ती विसरू नका. कोल्हापूर आवृत्तीत पान ५ वर असलेला मजकूर पुणे आवृत्तीत मुळातच नसतो, आणि तपासणाऱ्याला तो सापडला नाही की ‘संदर्भ खोटा’ असा शेरा पडतो.

इंग्रजीत नवं खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं असल्याशिवाय थेट लेख तयार करता येत नाही. मसुदा मात्र करता येतो. तपासणीला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सहा महिने हात न लावलेला मसुदा काढला जातो, म्हणून अधूनमधून त्यात काम करत राहा.

प्र. लेख काढण्याची चर्चा लागली आहे. मित्रमंडळींना मतं द्यायला सांगू का? (मंगळवार पेठ)

अजिबात नको. इंग्रजीत ही चर्चा साधारण सात दिवस चालते आणि ती मतमोजणी नसते. काल उघडलेल्या पंधरा खात्यांनी ‘लेख ठेवा’ लिहिलं, तर पंधरा मतं वाढत नाहीत, एक संशय वाढतो. त्याऐवजी चांगले तीन संदर्भ द्या आणि प्रत्येकात कलावंताबद्दल काय लिहिलंय ते दोन ओळींत सांगा. ‘हा कोल्हापूरचा अभिमान आहे’ हे लिहू नका. तीन संदर्भ नसतील, तर मजकूर मसुद्यात हलवावा अशी विनंती करा. ती पुष्कळदा मान्य होते आणि मेहनत वाया जात नाही.

प्र. मग तोवर करायचं काय? (पहिल्या प्रश्नाचेच वाचक)

महापुराच्या चित्रमालिकेवरचं ते एक कात्रण एखाद्या योग्य लेखात वापरता येईल. पुरावर किंवा कोल्हापूरच्या चित्रकलेवर लेख असेल, तर तिथे या मालिकेबद्दल एक वाक्य, संदर्भासह. दोन नको, एक. विकिडेटा या विकिपीडियाच्या माहितीसंचावरची नोंद लेखापेक्षा सोपी असते, पण गंभीर आणि जाहीर उपलब्ध संदर्भ तिथेही लागतो.

मित्राला सांगा की पुढच्या प्रदर्शनाला प्रेसनोटबरोबर समीक्षा लिहिणाऱ्या दोघा-तिघांना बोलवावं, आणि ती माणसं उद्घाटनाच्या गर्दीत नव्हे, एखाद्या निवांत दुपारी यावीत. काय लिहावं हे सांगू नये, हार-तुरे देऊ नयेत. प्रत्येक प्रदर्शनाचा कॅटलॉग काढावा, त्यावर वर्ष, ठिकाण, चित्राचं माप आणि माध्यम छापावं. कॅटलॉग कलावंताचाच असल्याने उल्लेखनीयतेला उपयोगी नाही, पण दहा वर्षांनी अभ्यासकाला तारखा तिथूनच मिळतात.

आणि कात्रणं लॅमिनेट करू नका, एकदा केलं की ते परत निघत नाही. संपूर्ण पान, वरच्या नावा-तारखेच्या पट्टीसह, ३०० डीपीआयला स्कॅन करा. कात्रणाच्या मागे शिसपेन्सिलीने आवृत्ती आणि पान क्रमांक लिहा. ई-पेपरची लिंक काही महिन्यांत मरते, तेव्हा साध्या बातमीची लिंक असेल तर ती इंटरनेट आर्काइव्हवर जतन करा. मूळ कागद माळ्यावर ठेवा. तुमच्या मित्राचं घर पूररेषेत असेल, तर स्कॅनची एक प्रत दुसऱ्याच्या घरीही असू द्या.